वीस महिन्यांची मुलगी ब्रश करू देत नाही, तेव्हा काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी २० महिन्यांची. ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटते, मान फिरवते, आग्रह केला तर रडून घर डोक्यावर घेते. ब्रश तिच्याच हातात दिला तर चावत बसते. रात्री दुधाची बाटली तोंडात असेल तरच झोपते. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीला लागून अलीकडे पांढुरका पट्टा दिसू लागलाय. घरातले मोठे म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. आणि फ्लोराइडची पेस्ट या वयात चालते की नाही, याबद्दल प्रत्येकजण वेगळं सांगतो.

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य मी आयांच्या आणि बाबांच्या तोंडून रोज ऐकते. ब्रशवर सविस्तर लिहीनच, पण आधी त्या पांढऱ्या पट्ट्याचं बोलू, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ लागला तरी चालेल, याला चालणार नाही.

हिरडीच्या कडेने खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा दिसणं ही बहुतेक वेळा कीड लागण्याची पहिली डोळ्यांना दिसणारी खूण असते. दाताच्या वरच्या कठीण थरातून, म्हणजे एनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपून बाहेर गेलेलं असतं, पण थर अजून फुटलेला नसतो. म्हणूनच ही वेळ फार मोलाची. या टप्प्यावर दात सावरू शकतो. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही.

आधी एक करून बघा. स्वच्छ सुती कापड बोटाला गुंडाळा आणि तो पट्टा पुसा. पुसून निघाला तर तो साचलेला मऊ थर होता. रोज नीट ब्रश झाला की जाईल. पुसल्यावरही तिथेच राहिला, तर येत्या आठवडा-दोन आठवड्यांत लहान मुलांच्या दंतवैद्यांना दाखवा. दात तयार होतानाच राहून गेलेले पांढरे डाग वेगळे असतात आणि ते किडीचे नसतात, पण तो फरक घरी ठरवत बसू नका. पिवळसर किंवा तपकिरी झाला असेल, खरखरीत लागत असेल, तर आठवडाही थांबू नका.

सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासूनच का होते, त्याला कारण आहे. खालच्या पुढच्या दातांवर जीभ येते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथे सतत पाझरत असते. वरच्या पटाशीच्या दातांना हे संरक्षण फार कमी मिळतं, आणि बाटलीतलं दूध नेमकं त्यांच्यामागे साचतं. शिवाय वरच्या ओठामुळे हिरडीजवळचा भाग झाकलेला राहतो. मूल हसलं तरी तो दिसत नाही. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात वरचा ओठ बोटाने उचलून बघायचं. तुम्ही हे केलंत म्हणूनच हा पट्टा वेळेत दिसला.

दवाखान्यात बहुधा फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांना किडीपासून वाचवणारा फ्लोराइडचा लेप, लावतील. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, दातांवर ब्रशने पातळ थर देतात, मिनिटाभरात होतं आणि दुखत नाही. या मुलीला आहे तसा धोका असेल तर साधारण दर ३ महिन्यांनी पुन्हा लावतात. 'तीन वर्षांची झाल्यावर घेऊन या' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिला दात आल्यापासून ६ महिन्यांत, आणि फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, पहिली तपासणी व्हायला हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक डेंटिस्ट्री सांगते आणि मीही तेच सांगते.

आता 'पडणारच आहेत' याबद्दल. दुधाचे दात २०. पुढचे ६-७ वर्षांच्या सुमारास पडतात हे खरं, पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे आज किडलेल्या दाढेने मुलीला अजून आठ-दहा वर्षं जेवायचं आहे. दुधाच्या दातांचं एनॅमल कायमच्या दातांच्या मानाने पातळ, साधारण निम्मं, आणि आतली नस आकाराने मोठी व पृष्ठभागाच्या जवळ. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दातात जी कीड आतल्या नसेपर्यंत पोचायला वर्षं घेते, ती इथे काही महिन्यांत पोचते. मग रात्रीचं दुखणं, एका बाजूने खाणं, हिरडीवर पुवाची पुळी. मुळाशी पसरलेला संसर्ग खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा करू शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग कायमच्या दाताला जागा उरत नाही. एवढ्या लहान मुलाच्या अनेक दातांवर उपचार करायचे म्हटलं की पुष्कळदा पूर्ण भूल द्यावी लागते. घरातल्या मोठ्यांना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना एवढी माहिती कुणी दिलेली नसते.

बाटलीकडे वळते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दुधातली साखरही त्यांना चालते, साखर घातलेलं दूध तर त्याहून जास्त. आम्लता ठरावीक पातळीपलीकडे गेली, म्हणजे पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला, की एनॅमल विरघळायला लागतं. जागेपणी लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि निघून गेलेलं कॅल्शियम थोडंफार परत देते. झोपेत लाळ खूप कमी होते. म्हणून दिवसा प्यायलेलं दूध आणि झोपेत तोंडात राहिलेलं दूध, दोन्ही एकच असलं तरी दातांवरचा परिणाम फार वेगळा.

झोपेची बाटली एका रात्रीत हिसकावून घेऊ नका, पण आजपासून तिची जागा बदला. दूध आधी, मग ब्रश, मग गोष्ट, मग अंथरूण. ब्रशनंतर फक्त पाणी. दूध जमेल तेवढं कपातून द्या. बाटलीशिवाय झोपच येत नसेल तर दर दोन-तीन रात्रींनी बाटलीतलं दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त करत, दोनेक आठवड्यांत निव्वळ पाण्यावर आणता येतं. (हे वर्षावरच्या मुलांसाठीच. वर्षाखालच्या बाळाच्या दुधात असं पाणी वाढवायचं नाही.) पहिल्या चार-पाच रात्री कठीण जातात. त्या तुम्ही दोघं आळीपाळीने घ्या, एकट्या आईवर टाकू नका.

अंगावर पाजणाऱ्या आयांनी हे वाचून अपराधी वाटून घेऊ नये. अंगावरच्या दुधाचे फायदे मोठे आहेत आणि दातांसाठी ते बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. एवढंच, की वर्ष उलटल्यावर, दात आल्यावर, रात्रभर मागेल तितक्या वेळा पाजणं चालू असेल तर किडीचा धोका वाढतो. अशा वेळी झोपण्याआधीचा ब्रश एकही दिवस चुकू नये आणि वार्निशबद्दल दंतवैद्यांशी बोलावं.

खाण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी बरंच काम होईल: किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त भोवतं. प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि ते उतरायला साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. हातात बिस्कीट घेऊन तासभर हिंडणारं मूल किंवा झाकणाच्या कपातून फळांचा रस घोट घोट पीत राहणारं मूल दातांना सावरायची उसंतच देत नाही. गोड द्यायचं तर जेवणाबरोबर द्या. फळाच्या रसाऐवजी फळ द्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१७ मध्ये सांगितलेली मर्यादा १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १२० मिलीलीटरच्या आसपास आहे, आणि वर्षाखाली रस मुळीच नाही. आणखी एक सहसा निसटणारी बाब म्हणजे औषधांची गोड सिरपं. रात्री ब्रश झाल्यावर सिरप पाजून झोपवलं तर ब्रश वाया गेला. औषध आधी द्या, मग ब्रश. बिनसाखरेचं मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

आता ब्रश. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: या वयात मुलाला ब्रश करायला शिकवायचं नसतं, ब्रश करून घ्यायला शिकवायचं असतं. २० महिन्यांच्या हाताला तो कोन, ते वळण जमूच शकत नाही. चार वर्षांच्यालाही जमत नाही. साधारण ७-८ वर्षांपर्यंत दात घासणं हे मोठ्या माणसाचं काम आहे. 'तिला स्वतःच करायचं असतं म्हणून तिला करू देतो' असं सांगणाऱ्या घरांतल्या मुलांचे दात मी बघते, तेव्हा पुढचे दात समोरून स्वच्छ असतात आणि हिरडीची कड व मागच्या दाढा तशाच्या तशा. तुम्हाला लावायची आहे ती सवय अशी: ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी आडवं व्हायचं, तोंड उघडायचं, आणि आपलं माणूस काम संपवेपर्यंत थांबायचं. ही सवय दोन-अडीच वर्षांच्या मुलांना लागते. मी रोज पाहते.

'आडवं' यासाठी, की उभ्याने, बेसिनसमोर, चेहऱ्यासमोर ब्रश धरून केलं तर तुम्हाला मागचं काही दिसत नाही आणि मूल मान मागे नेतं. तुम्ही जमिनीवर किंवा पलंगावर बसा आणि तिचं डोकं तुमच्या मांडीत घ्या, पाय तुमच्यापासून दूर. आता वरून सगळं दिसतं, डोक्याला आधार आहे, आणि तुमचा चेहराही तिला दिसतोय. दोघं असाल तर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा. मूल एकाकडे तोंड करून बसतं आणि मागे, दुसऱ्याच्या मांडीत, डोकं टेकवतं. पहिला तिचे हात हातात धरून तिच्याशी बोलतो, दुसरा ब्रश करतो. दवाखान्यात एवढ्या लहान मुलांना आम्ही अशाच पद्धतीने तपासतो.

आता एक बारकावा, आणि माझ्या अनुभवात निम्मी भांडणं याच्यापाशी सुरू होतात. वरच्या ओठाच्या आत, बरोबर मध्यभागी, ओठ आणि हिरडी जोडणारी एक पातळ पट्टी असते. ओठ न उचलता ब्रश वर सरकवला की तो त्या पट्टीवर आदळतो आणि झोंबतं. मूल बोलून दाखवू शकत नाही, पण दुसऱ्या दिवशी ब्रश दिसताच ओठ मिटतं. म्हणून डाव्या हाताची तर्जनी वरच्या ओठाखाली आडवी ठेवा, ओठ हळूच वर उचला, पट्टीवर बोटाचं झाकण ठेवा, आणि मग ब्रश टेकवा. केस हिरडी आणि दाताच्या सांध्याकडे थोडे तिरके, लहान लहान गोल फिरवत, दाब इतकाच की केस वाकून पसरणार नाहीत. मागच्या दाढांसाठी बोट गालाच्या आतून, दातांच्या बाहेरच्या बाजूने मागे न्या. शेवटच्या दाढेच्याही मागे हिरडीचा मऊ उंचवटा लागतो. तिथे हलका दाब दिला की तोंड उघडतं, आणि बोट दातांच्या मध्ये नसल्यामुळे चावलंही जात नाही.

दुसरं कारण तिच्या वयातच आहे. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, सुळे १६ ते २३ महिन्यांत, शेवटच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. २० महिन्यांच्या मुलीच्या हिरड्या कुठे ना कुठे ठणकत असण्याची शक्यता बरीच आहे. ब्रशआधी बोट फिरवून बघा, सुजलेली जागा लागली तर तिथे दोन-चार दिवस ओल्या कापडाने पुसा आणि बाकीचे दात ब्रशने करा. हिरडी बधिर करणारी बेंझोकेन असलेली जेल मात्र २ वर्षांखाली लावू नका. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्याने घातकरीत्या कमी होऊ शकते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे. गार ओलं कापड चावायला देणं पुरतं.

तिच्या विरोधाचं काय करायचं? सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून करा. तिथे धोका सगळ्यात जास्त आहे, आणि ती अर्ध्यात उठलीच तर निदान महत्त्वाचं काम झालेलं असेल. 'ब्रश करायचा का?' असं विचारू नका, कारण उत्तर 'नाही' आलं की तुम्ही अडकता. 'लाल ब्रश की निळा?', 'आधी बाहुलीचे की तुझे?' असं विचारा. निवड तिची, पण ब्रश होणार हे ठरलेलं. दोन ब्रश ठेवा, एक तिच्या हातात चावायला, एक तुमच्या हातात कामाला. आणि मोजा. मोठ्याने एक ते दहा, दहाला ब्रश बाहेर. पहिल्या आठवड्यात दहाच्या पुढे एकदाही ब्रश फिरवायचा नाही, दात राहिले असले तरी. या वयाच्या मुलांना ब्रशपेक्षा तो कधी संपणार हे न कळण्याचा त्रास जास्त होतो. दहावर विश्वास बसला की पुढच्या आठवड्यात दोनदा दहा, मग चार वेळा दहा. चौदा-सोळा दातांना नीट केलेलं एक मिनिट पुरतं. पुढे दात वाढतील तसं दोन मिनिटांकडे न्या.

रडली तर? रडताना तोंड उघडं असतं. आवाज न चढवता पटकन पुढचे दात करून घ्या, दहाला थांबा, उचलून जवळ घ्या. हात हलकेच धरावे लागले तर त्यात गैर काही नाही; डायपर बदलताना किंवा औषध पाजताना आपण धरतोच. पण तुम्ही चिडलेले असाल तर त्या वेळी धरू नका. ते काम घरातल्या दुसऱ्या माणसाला द्या. ताप असेल, उलट्या होत असतील त्या रात्री ओल्या कापडाने दात पुसले तरी चालतं.

वेळही तपासा. बहुतेक घरांत ब्रश अगदी झोपेच्या तोंडावर येतो, मूल पेंगुळलेलं, आई-बाबा थकलेले. रात्रीचं खाणं-दूध आटोपलं की लगेच, ती ताजीतवानी असताना करून टाका. दिवसातून दोनदा हवाच, पण दोन्हीतला रात्रीचा मी कधीच सोडू देत नाही.

मोबाइलवर गाणं लावून ब्रश करण्याबद्दल विचारतात. मला ते फारसं पसंत नाही. मूल पडद्याकडे मान वळवतं, तोंड अर्धवट मिटतं, आणि पुढे पडद्याशिवाय ब्रशच होत नाही. त्यापेक्षा गाणं तुम्ही म्हणा. 'ब्रश नाही केलास तर डॉक्टर सुई टोचतील' हे तर कधीच म्हणू नका. ते मूल माझ्या खुर्चीत बसतं तेव्हा पहिली पंधरा मिनिटं ती भीती काढण्यात जातात. बक्षीस म्हणून चॉकलेटही नको. तुम्ही स्वतः तिच्यासमोर रोज ब्रश करा, आणि मोकळ्या मनाने तिला तुमच्या दातांवर ब्रश फिरवू द्या.

पेस्टबद्दल स्पष्ट सांगते: पहिल्या दातापासून फ्लोराइडची पेस्ट वापरा. वेष्टनावर फ्लोराइडचं प्रमाण निदान १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) लिहिलेलं बघा. ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढा नुसता माखलेला थर, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. तांदळाएवढ्या पेस्टमध्ये साधारण ०.१ मिलीग्रॅम फ्लोराइड असतं. मुलगी ते गिळणार हे धरूनच हे प्रमाण ठरवलेलं आहे, त्यामुळे घाबरू नका. जास्त फ्लोराइड रोज पोटात गेलं तर पुढच्या कायमच्या दातांवर पांढरे डाग येऊ शकतात, हे खरं आहे. म्हणूनच पेस्ट नेहमी मोठ्यांनी लावायची, केसांमध्ये दाबून बसवायची आणि ट्यूब तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. तुमच्या पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लीटरला १.५ मिलीग्रॅम आहे) तर तेवढं दंतवैद्यांच्या कानावर घाला. फ्लोराइड नसलेल्या 'बाळांच्या' पेस्टने दात स्वच्छ होतात, किडीपासून वाचत नाहीत. मुलीच्या दातावर पट्टा दिसत असताना ती पेस्ट मी देणार नाही. ब्रश झाल्यावर चूळ भरायला लावू नका; उरलेला फेस कापडाने टिपा. थुंकणं तीन वर्षांच्या आसपास जमतं, आणि तेव्हाही नुसतं थुंकायचं, पाण्याने खळखळून धुवायचं नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा. केस पसरले की बदला, नाहीतर ३ महिन्यांनी. ब्रश तोंडात घेऊन चालू-धावू देऊ नका. पडून टाळूला झालेल्या जखमा वाईट असतात. दातांमध्ये फटी असतील तर चांगलंच, पुढच्या मोठ्या दातांना जागा मिळते. दाढा एकमेकींना चिकटल्या की, साधारण अडीच-तीन वर्षांनी, तिथे दिवसातून एकदा फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा) फिरवायला लागा, कारण त्या फटीत ब्रशचा केस जात नाही.

पाच-सहा वर्षांची झाली की तिला आधी स्वतः करू द्या आणि नंतर तुम्ही एक हात फिरवा. त्या सुमाराला, ६ वर्षांच्या आगेमागे, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते. अर्धी वर आलेली असताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, सरळ ब्रश तिच्यावरून निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तिचा माथा वेगळा घासा, आणि ती पूर्ण वर आली की खाचा बुजवणारं सीलंट लावून घेण्याबद्दल दंतवैद्यांना विचारा.